थंड करू नये

३ सप्टेंबर, मंगळवार

ही वही म्हणजे कॉलेजची जर्नल. उजव्या पानावर रेघा, डावं पान आकृत्यांसाठी कोरं. दीड वर्षापूर्वी प्रॅक्टिकलच्या सरांशी वाजलं, मी त्यांच्या टेबलावरचा काचेच्या नळ्यांचा स्टँड आडवा केला आणि पुन्हा तिकडे फिरकलो नाही. जर्नल कोरी राहिली. आज काढली, कारण आज जे कळलं ते तोंडानं कुणाला सांगवत नाही.

आईला दिवस गेलेत.

आई चव्वेचाळीसची, मी एकवीस पूर्ण. जेवताना बाबा म्हणाले, "चिरंजीव, एक सांगायचंय, ताट फेकू नका." मला वाटलं, परत कॉलेजचं काढणार. बाबा लिफ्टचे मेकॅनिक आहेत, बोलतानाही मजल्यामजल्याला थांबतात. ते पहिल्या मजल्यावर असतानाच आई म्हणाली, "तुला भावंड होणार आहे. आठवा आठवडा चालू आहे." आणि पुढचा घास घेतला.

मी ताट फेकलं नाही. नुसतं सरकवलं. ते टेबलाच्या कडेवरून गेलं हा टेबलाचा दोष.

"लोक मला त्याचा बाप समजतील," मी म्हणालो.

"समजू देत की," आई म्हणाली. "निदान मार्गी लागलास असं तरी वाटेल त्यांना."

बाबा हसले. हसता हसता थांबले आणि मागच्या खोलीच्या दाराकडे बघायला लागले. आईनंही बघितलं. मीही. बुबूचं नाव कुणी घेतलं नाही. गेली सोळा वर्षं या घरात ते कुणी घेतलेलं नाही.

इथे लिहितो, लिहायला कोण अडवतंय. बुबू माझी बहीण. हे नाव मी ठेवलेलं, चार वर्षांचा असताना, खरं नाव कागदावरच राहिलं. तिच्यात एक गुणसूत्र जास्त होतं आणि हृदयाला भोक होतं. चौदा महिने होती. तिचा चेहरा मला आठवत नाही. श्वास आठवतो. ओल्या फडक्यानं कुणी काच पुसावी तसा. एक लांब, एक आखूड. मागच्या खोलीत खिडकीखाली तिची खाट असायची आणि तो आवाज अख्ख्या घरात ऐकू यायचा.

६ सप्टेंबर, शुक्रवार

बारकोडबद्दल लिहायला हवं, नाहीतर ही वही खोटी पडेल.

मी रक्त वाहून नेतो. सकाळी सात ते एक आणि संध्याकाळी पाच ते आठ, अकरा दवाखाने, मागे डबा बांधलेली मोटारसायकल. लाल टोपीची नळी, जांभळ्या टोपीची, राखाडी टोपीची. कुठली बर्फात ठेवायची आणि कुठली बाहेरच्या कप्प्यात, हे मला झोपेतून उठवून विचारा. सगळं लॅबच्या काउंटरवर आणून द्यायचं. तिथे ती बसते, मनातल्या मनात मी तिला बारकोड म्हणतो, आणि प्रत्येक नळीवर बारकोडची पट्टी चिकटवते. पट्टी कधी तिरकी जात नाही. आठ महिन्यांत तिनं मान वर करून माझ्याकडे पूर्ण बघितलं असं मोजून चार वेळा झालं असेल. त्या चारही वेळा मी काय घातलं होतं ते मला माहीत आहे.

"आज किती नमुने?" तिनं विचारलं.

"बावीस."

"तुला धरून तेवीस."

लॅबचा वॉचमन खो खो हसला. तो मला काडेपेटी म्हणतो. दुसऱ्या कशावर हसला असता तर मी त्याची कॉलर धरली असती, पण तीही हसत होती, त्यामुळे प्रकरण वेगळं झालं.

मग म्हणाली, "चेहरा का उतरलाय?"

"आई आजारी आहे," मी म्हणालो.

खोटं का बोललो कुणास ठाऊक. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिनं माझ्याबद्दल काहीतरी विचारलं आणि मी थाप मारली. या वहीच्या डाव्या पानांवर तिला चार पत्रं लिहिली आणि चारही फाडली. चार पानं गेली, प्रेम आहे तिथेच.

११ सप्टेंबर, बुधवार

दुपारी घरी आलो तर आईचं शिलाईमशीन जागेवर नाही. आई एका दुकानासाठी शाळेचे गणवेश शिवते. तिचं पायाचं मशीन मला आठवतं तेव्हापासून पुढच्या खोलीत आहे. मागच्या खोलीत फक्त ट्रंका आणि बाबांचे लिफ्टचे जुने भाग. आज मशीन मागच्या खोलीत, खिडकीखाली. बाबांना सकाळी कामावर जायच्या आधी ढकलायला लावलं म्हणे.

"तिथे उजेड चांगला आहे," आई म्हणाली.

तिथे उजेड अजिबात चांगला नाही. समोर शेजारच्या इमारतीची भिंत आहे.

मशीनच्या तेलाची कुपी उघडून तिनं नाकाला लावली आणि डोळे मिटले. "परत तेच बघ," म्हणाली आणि हसली. "हा वास घेतल्याशिवाय पोटात काही ठरत नाही." संध्याकाळी बाबांना सांगितलं तर त्यांचा चेहरा पडला. "तेव्हाही असंच होतं," ते म्हणाले. आई म्हणाली, "हो ना." ती मात्र खुशीत होती.

ठीक तीन वाजता मशीन थांबलं. मी पुढच्या खोलीत लोळत होतो. मागच्या खोलीचं दार बंद होतं. आणि आवाज आला. एक लांब, एक आखूड.

मी उठून दारापर्यंत गेलो. कडीला हात लावला नाही. दहा मिनिटांनी मशीन परत सुरू झालं आणि आवाज गेला. पाण्याच्या पाइपमध्ये हवा अडकली असेल. पाइप त्याच भिंतीतून जातो.

१७ सप्टेंबर, मंगळवार

आईला घेऊन दवाखान्यात गेलो. माझ्या फेरीतलाच दवाखाना आहे. बाबांच्या तीन लिफ्टची आज तपासणी होती, ती चुकवता येत नाही.

बाकावर सगळ्या माझ्या वयाच्या. नर्स आईला म्हणाली, "सुनेला कुठे ठेवलंत?"

"सून यायचीय अजून," आई म्हणाली. "सासूच आधी आली."

अख्खा बाक हसला. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. मग आत बोलावलं.

डॉक्टरीणबाई पेनाचं टोपण दातांत धरून बोलतात. म्हणाल्या, या वयात गुणसूत्रांची गडबड होण्याची शक्यता वाढते, साधारण पस्तिसांत एक, आणि आधी तसं मूल झालेलं असेल तर आणखी थोडी. बाळाचे बारीक अंश आईच्या रक्तात फिरत असतात. दंडातून रक्त घेऊन ते वाचता येतात. त्यात शंका आली तर पुढे पोटातून सुईनं पाणी काढून खात्री करायची. "आणि मग काय करायचं ते तुम्ही दोघांनी ठरवायचं. चाचणी करायचीच असं नाही. वेळ आहे, पण फार नाही."

आईनं एवढंच विचारलं, "तसंच परत होऊ शकतं का? अगदी तसंच?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. "घाबरू नका."

"नाही, पण होऊ शकतं?"

"होऊ शकतं."

जिना उतरताना आई स्वतःशी पुटपुटत होती, "पस्तिसांत एक. आणि आणखी थोडी." मी तिचा हात घट्ट धरला. ती किती घाबरली असेल ते मला तेव्हा कळलं. हात मात्र कापत नव्हता. उलट ती माझ्यापुढे भराभरा उतरत होती.

१९ सप्टेंबर, गुरुवार

आज घरात वाजलं.

बाबा म्हणाले, "रक्त देऊन टाक. नुसतं तपासायचं तर आहे." आई म्हणाली, "मला नाही कळून घ्यायचं." बाबा म्हणाले, "अगं, कळलं तर तयारीला वेळ मिळतो." आई म्हणाली, "माझी तयारी आहे."

मी मध्ये पडलो. मला कुणी विचारलं नव्हतं. म्हणालो, "परत तसलं मूल झालं तर? तुम्ही दोघं साठीला टेकाल तेव्हा ते शाळेत नसेल, खाटेवर असेल. कोण बघणार त्याच्याकडे? मी?"

"तसलं," आई म्हणाली. एवढंच. आणि मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

बाबा बराच वेळ खुर्चीचा स्क्रू बोटानं घट्ट करत बसले. मग हळू आवाजात बोलले. बुबूच्या वेळी पाचव्या महिन्यात सोनोग्राफीवाल्याला हृदयात काहीतरी दिसलं होतं. पुढची तपासणी करा म्हणाला. आई हो म्हणत होती. बाबाच नको म्हणाले. आमच्या घराण्यात असलं काही नाही, उगाच सुया कशाला टोचायच्या, असं म्हणून त्यांनी कागदावर सही केली की आम्हाला तपासणी नको. बुबू जन्मली तेव्हा कुणाचीच तयारी नव्हती, ज्या दवाखान्यात जन्मली तिथेही नव्हती.

"त्यानंतर मी एकाही लिफ्टच्या कार्डावर न तपासता सही केलेली नाही," बाबा म्हणाले.

म्हणजे गॅसचं बटण ते बाहेर पडताना तीनदा बघतात ते याच्यामुळे. मी आजवर त्यावरून त्यांची टिंगल करत आलो.

माफी मागायला मागच्या खोलीत गेलो तर आईनं ट्रंक उघडली होती. बुबूची झबली धुऊन खिडकीत दोरीवर घातलेली, सात-आठ. "कापड अजून चांगलं आहे," म्हणाली. तिला पहिल्यापासून काही टाकवत नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार

बाबा जिंकले. आईनं बाही वर केली. "घ्या, तुमच्या मनासारखं," म्हणाली, डॉक्टरीणबाईंना की बाबांना ते कळलं नाही.

आणि ती नळी माझ्या हातात आली, कारण त्या दवाखान्यातलं रक्त मीच नेतो. हजारो नळ्या नेल्या असतील, आजवर एकाही रक्ताशी माझी ओळख नव्हती. ऊन मरणाचं होतं. डांबर चिकटत होतं. मी दवाखान्याच्या फ्रीजमधून दोन जास्तीच्या बर्फाच्या पिशव्या मागून घेतल्या, दगडासारख्या गोठलेल्या. दोन्हींच्या मध्ये आईची नळी ठेवली, वरून रबर लावलं आणि डब्याच्या तळाशी बसवली. आयुष्यात पहिल्यांदा गाडी हळू चालवली. प्रत्येक सिग्नलला मागे हात नेऊन डबा जागेवर आहे ना बघितलं.

काउंटरवर बारकोड नव्हती. तिची आज दुपारची पाळी, बदलीवर एक नवा मुलगा बसलेला, च्युइंगम चघळत. बाकीचे नमुने त्याला दिले. आईची नळी दिली नाही. तिला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नव्हता. डबा मांडीवर घेऊन बाकावर बसलो. ती अडीचला आली.

पुढचं उद्या लिहितो. आज हात चालत नाही.

२५ सप्टेंबर, बुधवार

तिनं रबर काढलं, पिशव्या बाजूला केल्या आणि नळी उजेडात धरली. आत लाल बर्फ झाला होता. नळी तिरकी केली तरी हलत नव्हता.

"हे काय केलंस?"

"आईचं आहे. उन्हात खराब होऊ नये म्हणून…"

तिनं नळी फिरवून तिच्यावरची चिठ्ठी माझ्यासमोर धरली. *थंड करू नये.* या चाचणीची नळी बर्फात जात नाही. ती बाहेरच्या कप्प्यात नुसती ठेवायची असते. आठवड्यातून दोन-तीन नेतोच मी.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"विसरलो."

"तू विसरत नाहीस. आठ महिन्यांत तुझा एक नमुना मी परत पाठवलेला नाही."

मग माझं डोकं फिरलं. तू उशिरा आलीस म्हणून झालं, म्हणालो. तुला माणसं दिसत नाहीत, पट्ट्या दिसतात, म्हणालो. आणखीही बरंच म्हणालो, ते इथे लिहीत नाही. डब्याला लाथ मारली. वॉचमन आला. ती शांतपणे नाकारलेल्या नमुन्यांच्या रजिस्टरमध्ये लिहीत होती. कारण: गोठलेला. चूक: वाहतूक. अक्षर मोत्यासारखं. वही माझ्याकडे वळवून म्हणाली, "सही." मी सही केली. बाबांची सही डोळ्यांसमोर आली.

मी निघालो तशी तिनं मागून विचारलं, "आईला काय झालंय, खरं सांग."

मी सांगितलं. सगळं. बुबूचंही. नाव तोंडातून बाहेर पडलं तेव्हा माझाच आवाज मला परका वाटला. ती ऐकत होती. पट्ट्यांचा रोल उगाच उलगडत आणि गुंडाळत राहिली. हात धुऊन येते म्हणून आत गेली ती पाच मिनिटं आलीच नाही.

२ ऑक्टोबर, बुधवार

आई परत रक्त द्यायला तयार नाही. "एकदा दिलं. नाही झालं. आता पुरे."

मला वाटलं होतं ती माझ्यावर भडकेल. उलट त्या दिवशी तिनं मला आग्रह करून वाढलं आणि म्हणाली, "तुझी काही चूक नाही रे." मशीनवर बसून गुणगुणतही होती. तिला सुटल्यासारखं वाटलं असणार. सुईला ती पहिल्यापासून घाबरते.

बाबा खाली गेले. गॅलरीतून बघितलं तर स्कूटरवर बसून होते, चालू न करता. ब्रेक दाबत होते आणि सोडत होते.

दुपारचा आवाज रोज येतो. तीनला मशीन थांबतं आणि तो सुरू होतो. प्लंबर बोलावला होता. भिंतीला कान लावून म्हणाला, पाइप कोरडा आहे, दुपारी पाणी नसतंच.

६ ऑक्टोबर, रविवार

बाबांना एका इमारतीत लिफ्ट अडकली म्हणून बोलावणं आलं. तीन वाजले. मशीन थांबलं. आवाज आला.

या वेळी मी दार उघडलं.

आई मशीनवर दोन्ही हात ठेवून बसली होती. डोळे मिटलेले, मान खिडकीकडे कललेली, शेजारच्यांचा रेडिओ हळू लागलेला असला की करतो तशी. मागे न बघता म्हणाली, "दार लाव. जाईल तो."

"कोण?"

तिनं डोळे उघडले. माझ्याकडे बघत राहिली. "तुलाही येतो ऐकू?"

मी ट्रंकेवर बसलो. तिथे बसून मी तिला ते सांगितलं, जे या वहीतही लिहिलं नव्हतं.

बुबू गेली त्या दुपारी आई गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली होती. मला सांगून गेली होती, बुबूजवळ बस. मी बाहेर पॅसेजमध्ये गाडी खेळत होतो. आतून तो आवाज येत होता, थांबतच नव्हता, मला गाडीचा आवाज काढता येत नव्हता. मी लाकडी स्टूल सरकवलं, वर चढलो आणि दाराची कडी लावली. मग छान शांत झालं. आई खाली येईपर्यंत मी खेळत होतो. पाच वर्षांचा होतो. कुणाला सांगितलं नाही. नळीचं तेवढं खरंच विसरायला झालं, ते वेगळं, असंही मी तिला सांगितलं.

आई माझ्याकडे बघत होती, मी आत्ताच कुठून तरी आल्यासारखी. मग म्हणाली, "वेडा आहेस का तू? दार मी लावलं होतं. गच्चीवर जाताना."

"मला स्टूल आठवतंय."

"स्टूल आपण नंतर घेतलं. आणि तू जागा कुठे होतास? पुढच्या खोलीत झोपला होतास, घोरत होतास बापासारखा."

"नक्की?"

"मला नाही माहीत तर कुणाला माहीत?"

सोळा वर्षं छातीवर कुणीतरी बसलेलं होतं, ते उठून गेलं. मला रडायला आलं. आईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला मशीनच्या तेलाचा वास होता. तेवढ्या वेळात खिडकीकडचा आवाज कधी बंद झाला ते कळलंही नाही.

मग तिनं सुईत दोरा ओवला. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा ओवत म्हणाली, "परवा डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. रक्त देते."

"तुला नको असेल तर नको, आई."

"देते म्हटलं ना. किती दिवस आपण दोघं असे कान लावून बसणार?" आणि दोरा दातांनी तोडून म्हणाली, "या वेळी मात्र नीट ने."

बाबांना घरातल्या प्रत्येक वस्तूखाली घेतल्याची तारीख लिहायची सवय आहे. स्टूल उलटं करून बघता येईल. बघणार नाही. आई कशाला खोटं बोलेल.

८ ऑक्टोबर, मंगळवार

नळी डब्यात ठेवलीच नाही. शर्टाच्या खिशात ठेवली आणि वर बटण लावलं. सुरुवातीला तिच्या दंडाची ऊब होती. दुसऱ्या सिग्नलनंतर ऊब तिची की माझी, सांगता येईना.

बारकोडशी त्या दिवसानंतर आज पहिल्यांदा बोलणं झालं. ट्रे पुढे केला नाही, तिनं हात पुढे केला.

"किती नमुने?"

"एकच."

तिनं विनोद केला नाही. पट्टी लावली, सरळ. मी म्हणालो, "रिपोर्ट आला की मला आधी…" ती म्हणाली, "नाही सांगणार. डॉक्टरच सांगतील." मी म्हणालो, "बरं."

"काडेपेटी भिजली वाटतं," वॉचमन म्हणाला. मी त्यालाही काही बोललो नाही. जाताना मागे वळून तिला म्हणालो, त्या दिवशी जे बोललो ते सगळं मागे घेतो. ती म्हणाली, "रजिस्टरात चढलेलं मागे घेता येत नाही." पण मान वर करून म्हणाली. पाचवी वेळ.

१९ ऑक्टोबर, शनिवार

रिपोर्ट आला. आम्ही तिघं गेलो.

डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोपण तोंडातून काढलं, तेव्हाच मला कळलं. धोका अगदी कमी. ते जास्तीचं गुणसूत्र नाही. सोनोग्राफीतही सध्या सगळं ठीक दिसतंय, हृदय पाचव्या महिन्यात परत नीट बघायचं. बाबा बसलेलेच होते, तरी आणखी खाली बसले. कागद मागून घेतला आणि तीनदा वाचला, तारीख, शिक्का, सही.

"म्हणजे तसं नाही," आई म्हणाली.

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात असं कुठलीच चाचणी म्हणत नाही. पण तुम्ही नाहीच धरा."

आईनं पदर नीट केला. "म्हणजे दुसरंच कोणीतरी आहे," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या. "हो तर. अगदी नवं कोरं."

आईही हसली. सांगितलं तिथे सही केली, सगळ्यांचे आभार मानले. जिन्यात मात्र कठडा धरून उभी राहिली आणि अशी रडली की वरच्या मजल्यावरून लोक वाकून बघायला लागले. बाबाही रडायला लागले. इतक्या दिवसांचा ताण, तो असा आनंदातच बाहेर पडतो. मला ते बघवेना, मी पुढे जाऊन गाडी काढली.

संध्याकाळी बारकोडला सांगितलं. "चांगलं झालं," ती म्हणाली. मग विचारलं, "आई कशी आहे?"

"मजेत. खूप रडली आनंदानं."

ती माझ्याकडे बघत राहिली. ही सहावी वेळ आणि सगळ्यात लांब. "दुपारी जरा तिच्याजवळ थांबत जा," म्हणाली.

का, ते सांगितलं नाही. ती म्हणाली म्हणून थांबेन. ती म्हणाली असती तर भर उन्हात छपरावरही थांबलो असतो.

२१ ऑक्टोबर, सोमवार

घरी आलो तर खिडकीतली दोरी रिकामी होती. बुबूची झबली आईनं इस्त्री करून ट्रंकेच्या तळाशी ठेवली होती. म्हणाली, "त्यावर ते गणवेशाचे गठ्ठे ठेव रे, मला उचलायला नको सांगितलंय." ठेवले. चांगले जड होते.

मग नवं कापड काढलं. पिवळं, दुकानाची घडी न मोडलेलं. "हे टोक धर." मी धरलं. तिनं कात्री चालवली.

"माप कुणाचं?"

"माप कुठलं आलंय अजून. अंदाजानं." थोडं थांबून म्हणाली, "याचा काहीच अंदाज नाही मला."

पावणेतीनला तिनं शिवायला घेतलं. बारकोडनं सांगितलं होतं म्हणून मी स्टुलावर तिथेच बसलो. तेलाची कुपी खिडकीत होती, टोपण लावलेली. मी मोबाइलवर घड्याळ लावून बसलो होतो. तीन वाजले.

मशीन थांबलं नाही.

तीन पाच झाले, तीन दहा. शिवण टोकापर्यंत गेली, तिनं कापड फिरवलं आणि त्याच शिवणीवरून परत मशीन चालवलं. मग तिसऱ्यांदा. एवढ्याशा झबल्याला तिहेरी शिवण कशाला लागते.

"काही ऐकू येतंय का रे?" तिनं विचारलं. मान वर केली नाही, पाय थांबवले नाहीत.

मी कान देऊन ऐकलं. "नाही," म्हणालो.

तिनं मान हलवली.

खरं तर मशीन चालू असताना त्या खोलीत दुसरं काहीच ऐकू येत नाही. तिनं क्षणभर थांबवलं असतं तर कळलं असतं. थांबव म्हणायचा धीर मला झाला नाही, आणि ती सहा वाजेपर्यंत शिवत होती.